मुक्काम पाच रात्री

३ फेब्रुवारी, मंगळवार

एर्लिंडा म्हणते, मनातलं सांगायला माणूस नसेल तर कागदाला सांग, कागद उलटून बोलत नाही. एर्लिंडा माझ्या शेजारच्या गेटवर काम करते. एकाहत्तर वर्षांची आहे, माझ्याहून दहाने मोठी, आणि तिचे गुडघे माझ्याहून दहाने लहान. तिच्या सांगण्यावरून ही वही काढली. हॉटेलवाल्यांनी फुकट वाटलेली आहे, वर नारळाचं झाड. लिहायचं ते पाळी सुरू व्हायच्या आधी, गाडीत बसून. घरी माझी नात, कावेना, खांद्यावरून वाचते.

आमचं काम सोपं आहे. लिहूएच्या विमानतळावर, परत निघालेल्या पाहुण्यांना फॉर्म द्यायचा. किती रात्री राहिलात, कुठे राहिलात, किती खर्च केलात, काय आवडलं, काय नाही आवडलं, परत याल का. बारा वर्षं हेच प्रश्न. मग होनोलुलूला त्याच्या बेरजा होतात आणि महिन्याच्या शेवटी छापून येतं की आमच्या काउआई बेटावर इतकी माणसं आली आणि इतके डॉलर सोडून गेली. या वेळी छापून आलंय: माणसं घटली, खर्च वाढला. ही आनंदाची बातमी आहे म्हणे. माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नाही. फॉर्म तितकेच भरून हवेत आणि माणसं कमी, म्हणजे एकेकाच्या मागे दोनदोनदा जायचं.

ओहायोच्या एका गृहस्थांनी लिहिलं: आवडलं – कोंबडे. नाही आवडलं – कोंबडे. प्रामाणिक माणूस.

दुपारी होनोलुलूहून ओशिताचा फोन. तो आमचा साहेब, वय तीस. इतकं गोड बोलतो की शिवी देता येत नाही.

"आंटी, तुमच्या जानेवारीच्या गठ्ठ्यात घोळ आहे. एकोणीस माणसांचा पत्ता लास वेगासचा, आणि खूण केलीत 'इथले रहिवासी'. रहिवाशांना आपण मोजत नाही."

"अरे, इथलेच आहेत ते. मी विचारलं ना, शाळा कुठली? वाइमेआ म्हणाले. एकाचा बाप माझ्या वर्गात होता, गणितात माझं बघून लिहायचा."

"शाळा नाही विचारायची आंटी. राहता कुठे, ते विचारायचं."

"पोटासाठी राहतात रे तिकडे."

"मग पोट जिथे आहे तिथला पत्ता लिहा."

आता याला काय सांगणार? हा होनोलुलूत जन्मला असेल, पण याला कुणी भेटलं की हाही आधी शाळाच विचारत असणार. शाळा कळली की माणूस कुणाचा ते कळतं. माझ्या शाळेतली अर्धी माणसं आज लास वेगासला आहेत. इतकी गेलीत की आम्ही त्या गावाला नववं बेट म्हणतो. आठ आपली, नववं वाळवंटात.

फोन ठेवताना म्हणाला, पुन्हा असं झालं तर गेट दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. तेही गोड आवाजात.

८ फेब्रुवारी, रविवार

काल जेलीनचा फोन आला. मुलगी माझी, एकुलती एक. १४ मार्चला येते म्हणाली, पाच रात्री. एकटीच. नवरा, रूबेन, कामावर आहे.

दरवर्षी नाताळात येते. मार्चमध्ये कधी आली नाही. मी म्हटलं, "काय गं, काही विशेष?" तर म्हणाली, "भेटावंसं वाटलं. आणि आई, निवांत बोलायचंय तुझ्याशी."

मी रात्रभर विचार केला आणि मला कळलंय. परत यायचं म्हणत असणार. नवरा-बायको दोघं तिकडच्या उन्हाला कंटाळली असतील. इथे घर मिळेपर्यंत माझ्याकडे राहू का, असं विचारायचं असेल आणि लाज वाटत असेल. लाज कसली त्यात? मागच्या खोलीतली शिवणयंत्रं हलवली की जागा होते.

दुसरं काही असेल असं मला वाटत नाही. कावेनाबद्दल तर नाहीच. कावेना माझी हानाइ आहे, मला वाढवायला दिलेली. जेलीन एकवीस वर्षांची होती, हॉटेलात खोल्या झाडायची, पोरीचा बाप केव्हाच पसार झाला होता. केकाहात ती भाड्याने राहायची ते घर मालकाने पाहुण्यांना रात्रीच्या हिशोबाने द्यायला काढलं. महिन्याला जे ती देत होती ते पाहुणे चार रात्रींत देत होते. मालकाचं तरी काय चुकलं? मग ती वेगासला गेली. जाताना चौदा महिन्यांची पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आई, ही तुझी." आमच्यात एवढं म्हटलं की झालं. त्याला कागद नाही, सही नाही. दिलेलं मूल परत मागायचं नसतं. वाढवणाऱ्याने आपण होऊन 'ने' म्हटलं तरच. मीही माझ्या आजीची हानाइ होते, माझ्या आईने कधी मागितलं नाही.

कावेना आता नऊ वर्षांची आहे. तेव्हा काळजीचं काही कारण नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ओशिताने आमचे दिवस पाचाचे चार केले. माणसं कमी येतात म्हणून. एर्लिंडा म्हणाली, "खर्च वाढला ना? मग त्यातलाच आम्हाला द्या म्हणावं." आम्ही दोघी हसलो, मग ती विमानतळाच्या पायऱ्यांवर बसून पाय चोळत राहिली.

आमच्या रांगेतलं तिसरं घर विकलं गेलं, आता तिथे पाहुणे उतरतात. सकाळी रस्त्यावर बॅगांच्या चाकांचा आवाज येतो. गोरं जोडपं होतं, मला बघून हात हलवला, मीही हलवला. दुपारी तीच दोघं गेटवर. फॉर्ममध्ये लिहिलं: आवडलं – खऱ्या वस्तीत, खऱ्या माणसांत राहिल्यासारखं वाटलं. त्या वस्तीत खरी माणसं आता चार घरांत उरलीत. हे लिहायला त्यांच्या फॉर्मवर जागा नव्हती.

१ मार्च, रविवार

कावेना घरात बूट घालून फिरत होती. घरात! मी ओरडले. आमच्याकडे राज्यपाल आला तरी चपला दाराबाहेर काढतो.

"सराव करतेय टूटू."

"कसला सराव?"

"तिकडे शाळेत दिवसभर बूट घालून बसतात ना?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"असंच. मुख्यभूमीवर." मग बूट काढले, आणि विचारलं, "तिकडे कोंबडे नसतात, मग लोक उठतात कसे?"

मी म्हटलं, घड्याळ लावून उठतात बिचारे. चौकस आहे पोर. वर्गात बहुधा मुख्यभूमीचा धडा चाललाय.

९ मार्च, सोमवार

दोन गोष्टी.

एक. कावेनाने तिच्या कोंबड्या शेजारच्या क्लॅराला देऊन टाकल्या. नावं ठेवलेल्या पाच कोंबड्या. मी विचारलं तर म्हणते, "क्लॅरा आंटी एकटी असते, तिला सोबत." मनाने मोठी आहे, पण मला वाटतं मुळात आळस. सकाळी दाणे टाकायला नको.

दोन. आज गेटवर वाइमेआचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता वेगासला, नेवाडात असतो. मी शाळा विचारली नाही. पत्ता विचारला. त्याने सांगितला, मी 'पाहुणा' अशी खूण केली. तो म्हणाला, "आंटी, ओळखलं नाहीत? मी मोकीहानाचा मुलगा." मी म्हटलं, ओळखलं रे बाबा. तो फॉर्म भरत बसला. किती खर्च केलात या रकान्यात काय लिहू, विचारत होता. आजोबांच्या मयताला आला होता. फुलांचे लिहू का, म्हणाला.

१५ मार्च, रविवार

जेलीन काल आली. वाळलीय. केस कापलेत. मी गळ्यात हार घातला तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

रात्री अठरा माणसं जेवायला. माझा भाऊ, त्याची पोरं, क्लॅरा, तिची बहीण. दोन दिवस लाउलाउ बांधत होते. डुकराचं मांस, खारवलेला मासा, वरून अळूसारखी टॅरोची पानं, आणि भांडंभर पोई, त्याच टॅरोच्या कंदाचा लगदा. जेलीन म्हणाली, "आई, एवढं कशाला केलंस? मला तुझ्याशी बोलायचं होतं." मी म्हटलं, बोल की, मी काय पळून चाललेय? पण तेवढ्यात भात संपला.

आज चर्च, मग भावाकडे जेवण. उद्या मी क्लॅराच्या बहिणीला पुन्हा बोलावलंय. आली आहे पोर तर सगळ्यांना भेटायला नको?

१६ मार्च, सोमवार

सकाळी जेलीनने नव्या घराचे फोटो दाखवले. घर घेतलंय त्यांनी! विकत! हॉटेलात ताटं उचलणाऱ्या माणसांना घर घेता येतं, असं तिकडे आहे. तीन खोल्या. एक खोली पिवळी रंगवलीय, खिडकीत छोटं टेबल.

"ही बघ आई. ही खोली मुद्दाम पिवळी केली."

मी म्हटलं, छान आहे, पाहुण्यांची खोली अशी प्रसन्नच हवी. ती माझ्याकडे बघत राहिली. कावेना फोटोकडे नुसती बघत होती. एरवी पिवळं काही दिसलं की नाचते.

पण घर घेतलं म्हणजे परत यायचा विचार नसावा. मग काय बोलायचं असेल? पैशांचं असेल. घर घेतलं म्हणजे हप्ते आले. माझ्याकडे थोडे आहेत, मागितले तर देईन.

दुपारी भांडी घासत होते तर मागे येऊन उभी राहिली. "आई, जरा बस ना."

"हे झालं की बसते."

"मी घासते. तू बस."

"तुझ्या हाताने तेल निघत नाही, लहानपणापासून."

ती हसली नाही. मग मला आठवलं की एर्लिंडाला उद्या डॉक्टरकडे जायचंय. फोन करून तिची उद्याची पाळी मी घेतली. मैत्रिणीच्या अडचणीला माणसाने उभं राहायला नको का?

१८ मार्च, बुधवार

आज तिघी वर कोकेएला गेलो, दरी बघायला. जेलीनची हौस. लहानपणी बाप तिला नेहमी न्यायचा. भाड्याची गाडी तिचीच होती, तीच चालवत होती.

वाहनतळावर पोरगा म्हणाला, "लायसन्स?" इथल्या लोकांना फुकट आहे, बाहेरच्यांना पैसे. जेलीनने लायसन्स काढलं. नेवाडाचं. पोराने दर सांगितला.

मी खिडकीतून ओरडले. "अरे, ही इथे जन्मली! हिच्या बापाने हा रस्ता बांधताना दगड वाहिलेत! कुठल्या शाळेतला तू?"

"वाइमेआ, आंटी." पोरगा लाजला. "पण मशीनमध्ये लायसन्सच दाखवावं लागतं हो."

"आई, राहू दे," जेलीन म्हणाली आणि पैसे भरले. काचा वर केल्या. कावेनाने मागून विचारलं, "मी मोठी झाले की मलाही भरावे लागतील?"

"गप गं," मी म्हटलं. "तुला कशाला?"

वर धुकं होतं. दरी दिसलीच नाही. कठड्याशी जेलीन माझ्या शेजारी उभी होती, कावेना जरा लांब. जेलीनने माझा हात धरला. "आई, मी..." म्हणाली. मी म्हटलं, कावेनाला थंडी वाजतेय, चला. पोर स्वेटर घालून उड्या मारत होती.

संध्याकाळी बारा जण जेवायला.

१९ मार्च, गुरुवार

जेलीन गेली. भाड्याची गाडी तिने सकाळीच परत केली होती, आणि माझी दुपारची पाळी होती, म्हणून तिला मीच विमानतळावर आणलं. कावेना क्लॅराकडे थांबली, येते म्हणाली नाही. आईच्या कुशीत शिरून काहीतरी पुटपुटली, मला ऐकू गेलं नाही.

मी गेटवर फॉर्म वाटत होते. माणसं थोडीच. जेलीन शेवटच्या खुर्चीवर होती. मी तिच्या पुढून निघून गेले तर म्हणाली, "मला नाही देणार?"

"तुला कशाला?"

"नेवाडाचा पत्ता आहे माझा. पाहुणी आहे मी. तुझा साहेब रागावेल."

मी फॉर्म पुढे केला. तिने घेतला नाही. "चष्मा विसरले. चष्मा नसलेल्यांना वाचून दाखवता ना तुम्ही? शेजारी बसून?"

तिला चष्मा नाहीच मुळी. एर्लिंडा शेजारच्या गेटवरून बघत होती, तिने मला हाताने खूण केली, बस. बसले.

"किती रात्री?"

"पाच."

"कुठे राहिलात?"

"नातेवाइकांकडे."

"बरोबर किती माणसं?"

"येताना एक." मग थांबली. "जाताना पण एकच."

जाताना किती, हे फॉर्मवर नाही. मी नुसता एकचा आकडा लिहिला.

"येण्याचं कारण? सुट्टी, लग्न, कामधंदा, नातेवाइकांची भेट, की इतर?"

"इतर."

"इतर असेल तर लिहावं लागतं."

"एक गोष्ट विचारायची होती."

मी 'इतर' एवढंच लिहिलं. माझं अक्षर एरवी चांगलं आहे.

"काय आवडलं?"

"लाउलाउ. तुझ्या हातचे."

"काय नाही आवडलं?"

"पाच दिवसांत तू एकदाही खाली बसली नाहीस."

"खर्च किती केलात?"

"आई!"

"विचारावा लागतो गं."

तिने सांगितला. गाडीचं भाडं, पेट्रोल, वाहनतळ. माझ्यासाठी घेतलेलं पातेलं. मी मांडला.

"परत याल का? नक्की, बहुतेक, सांगता येत नाही, नाही."

वरून तिच्या विमानाची हाक आली. "तूच सांग, येऊ?"

"हे काय विचारणं झालं? घर तुझंच आहे."

"मी ते नव्हतं विचारलं," ती म्हणाली आणि उठली. मला जवळ घेतलं, कपाळ कपाळाला लावलं, आणि रांगेत गेली. मागे वळून बघितलं नाही. मी 'बहुतेक'वर खूण केली.

एर्लिंडा आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "व्हर्ना, तू माणसांच्या फॉर्मवरून सांगतेस, या जोडप्याचं भांडण झालंय, या बाईला घरी जायचं नाहीये. आणि हिचा फॉर्म तुला वाचता येत नाही होय?"

मी म्हटलं, तुझ्या गेटवर माणसं खोळंबलीत, जा.

विचारलं नाही तिने. विचारलं नाही म्हणजे विषय संपला.

२२ मार्च, रविवार

तीन दिवस कावेना माझ्याशी धड बोलत नाहीये. विचारलं की हो, नाही, माहीत नाही. आज सकाळी क्लॅराच्या कुंपणाशी उभी राहून कोंबड्यांकडे बघत होती. मी गेले. म्हटलं, "परत आण हवं तर. क्लॅरा नाही म्हणणार नाही."

"नको. तिला सवय झाली असेल."

"मग दिल्यास कशाला?"

ती कुंपणाची तार बोटाने वाजवत राहिली. मग म्हणाली, "मी आईला जानेवारीतच हो म्हटलं होतं."

"कशाला हो?"

"तिच्याकडे राहायला यायला. तिने फोनवर विचारलं, येशील का. मी हो म्हटलं. आई म्हणाली, पण टूटूने 'ने' म्हटल्याशिवाय मी तुला नेणार नाही, तसं नसतं आपल्यात. मी येते आणि तिला विचारते." मग तिचा आवाज फुटला. "तिने पाच दिवस विचारायचं बघितलं. तू नुसती स्वयंपाक करत होतीस."

"अगं, मग तू नाही का सांगायचंस मला?"

"मुलांनी नाही विचारायचं, मोठ्यांनी विचारायचं असतं. तूच म्हणतेस."

म्हणते. माझी आजी म्हणायची, तेच मी म्हणते.

मी विचारलं, "तुला इथे काही कमी आहे का बाळ?" विचारू नये ते विचारलं.

"नाही." तार एकदा वाजवली. "पण तिकडे आई आहे."

मी घरात आले, मोरीत गेले आणि नळ सोडून रडले.

मला माहीत होतं. पहिल्या फोनपासून माहीत होतं. पिवळ्या खोलीचा फोटो बघितला तेव्हा तर आंधळीलाही कळलं असतं. शिवणयंत्रं काय, हप्ते काय! वहीशीसुद्धा खोटं बोलले, आणि ती बिचारी उलटून बोलली नाही. जेलीनने रीत पाळली. कोर्टात गेली असती तर एका सहीत घेऊन गेली असती, आई आहे ती. पण ती माझ्या दारात पाच दिवस उभी राहिली आणि मी तिला बोलू दिलं नाही. रीत मी मोडली. 'दिलेलं मूल मागायचं नसतं' एवढंच मला आठवलं. वाढवणाऱ्याने कधी 'ने' म्हणायचं असतं, ते सोयीने विसरले.

२४ मार्च, मंगळवार

गाडीत नाही, घरीच लिहिते आहे.

आज पहाटे पाचला वेगासला फोन लावला. तिकडे आठ वाजले होते. जेलीनने पहिल्याच घंटेला उचलला. "आई? काय झालं? कावेना बरी आहे ना?"

"बरी आहे. झोपलीय. तू विचार."

"काय विचारू?"

"जे विचारायला आली होतीस ते. मी बसलेय. स्वयंपाकघरात, खाली जमिनीवर बसलेय. हातात काही नाही. विचार."

मला वाटलं फोन तुटला. मग तिचा श्वास ऐकू आला.

"आई, मुलगी नेऊ का मी माझ्याकडे?"

अशी विचारायला लागली तर मी काय काय सांगायचं, ते दोन दिवस ठरवत होते. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"ने," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी नाही रडले. मी सांगायला लागले. शाळा मेच्या अखेरीला संपते, त्याआधी नको. अंडं पूर्ण शिजलेलं खात नाही, पिवळं पातळ हवं. सर्दी झाली की डावा कान दुखतो, उजवा नाही. अंधाराची भीती आहे, पण दिवा लावू का विचारलं तर नको म्हणते, न विचारता लावायचा. केस ओले असताना विंचरायचे, वाळल्यावर ओरडते. गणिताच्या आदल्या दिवशी पोटात दुखतं ते खरं दुखतं, नाटक नसतं. रूबेनला सांग, तिच्याशी पहिल्याच दिवशी लाडाने बोलायला जाऊ नको, ती आपण होऊन येते. मला थांबता येईना. शेवटी जेलीन म्हणाली, "आई, अजून दोन महिने आहेत गं."

"माहितीये," मी म्हटलं. "लिहून घेतेस ना?"

"घेतेय."

फोन ठेवला तेव्हा कावेना दारात उभी होती. अनवाणी, केस विस्कटलेले. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आई होती?"

"हो."

"विचारलं तिने?"

"विचारलं."

"मग?"

मी होकाराची मान हलवली. तिला कळलं. मला वाटलं नाचेल. ती येऊन माझ्या मांडीवर बसली. नऊ वर्षांची पोर, पाय लांब झालेत, मांडीत मावत नाही. तशीच बसली, डोकं माझ्या गळ्याशी. गुडघा ठणकत होता तरी हलले नाही. खिडकीबाहेर उजाडलं, कोंबडे ओरडायला लागले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा मला कामावर उशीर झाला.